पंचेचाळीसच्या वर

९ नोव्हेंबर

धाकट्यास,

पत्राला उशीर झाला. आई तशी बरी आहे. ‘तशी’ हा शब्द तिनेच घालायला लावला, म्हणाली नुसतं ‘बरी’ लिहिलंस तर तो विश्वास ठेवायचा नाही.

परवा डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. म्हणाल्या, वय झालं आहे, भूक कमी होणारच, पण वजनावर लक्ष ठेवा. दर रविवारी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. सारखं उतरत राहिलं तर मोठ्या इस्पितळात नेऊन आतून तपासणी करावी लागेल, नाहीतर एवढ्या प्रवासाचा त्रास तिला उगीच द्यायचा नाही. म्हणजे सगळं आता त्या वहीवर आहे.

तू पाठवलेला काचेचा इलेक्ट्रॉनिक काटा माळ्यावरून काढला. जन्मभर लोकांचे तराजू दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात हा बॅटरीवरचा काटा! बाबा असते तर त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं. पुढच्या खोलीत खिडकीखाली मांडला आहे, तिथेच काय ती सपाट फरशी आहे. मागच्या तीन रविवारचे आकडे असे: ४९.८, ४८.९, ४७.८. मला हे बरं वाटत नाही. तुझं काटे-आकड्यांचंच काम, म्हणून विचारते. यात किती आई आहे आणि किती काटा?

तुझी पत्रं मी तिला मोठ्याने वाचून दाखवते, हे लक्षात ठेवून लिही. फोनवर तिला ऐकू येत नाही, आणि फोनवर तू वाटेल ते ठोकून देतोस. कागदावर जरा लाजतोस.

तुझी ताई

---

१४ नोव्हेंबर

ताईस नमस्कार,

आधी आईला सांग की मी वेळेवर जेवतो. आता काट्याचं.

त्या काचेखाली चार पाय आहेत ना, त्या प्रत्येकात धातूची एक पट्टी असते. माणूस उभा राहिला की पट्टी वाकते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. तिच्यावर चिकटवलेली बारीक तार ते वाकणं मोजते. काटा वजन मोजत नाही, वाकणं मोजतो आणि त्यावरून वजन सांगतो. थंडीत धातू ताठ होतो आणि कमी वाकतो, म्हणून काटा कमी सांगतो. आपली पुढची खोली नोव्हेंबरात कशी असते ते मला माहीत आहे. त्यात तू काटा खिडकीखाली ठेवला आहेस.

माझं दिवसभराचं काम हेच. असे सेन्सर कपाटात ठेवायचे, कपाट उणे वीसपर्यंत गार करायचं, मग पन्नासपर्यंत तापवायचं आणि प्रत्येक पायरीला ते किती चुकतात ते लिहायचं. त्याआधी प्रत्येक वस्तू वीस अंशांच्या खोलीत पुरे चोवीस तास पडू द्यायची. आमच्याकडे त्याला मुरवणं म्हणतात. न मुरवता घेतलेला आकडा मोठे साहेब सरळ खोडतात.

मी तुझ्यासाठी हिशेब केला. खोली अशीच गार असेपर्यंत काटा जे दाखवेल त्यात दीड किलो मिळव आणि ते वहीत लिही. म्हणजे आई आज ४९.३ आहे. काळजीचं कारण नाही.

तरीही सांगून ठेवतो. काट्यावरचा आकडा पंचेचाळीसच्या खाली गेला, तर मी काम सोडून तिथे येईन. मार्चअखेर मला कायम करणार आहेत आणि तोपर्यंत रजा मिळत नाही, हे खरं. पण ते गेलं खड्ड्यात. आईला हेही वाचून दाखव.

तुझा धाकटा

---

२७ नोव्हेंबर

धाकट्यास,

दाखवलं वाचून. तुझं पट्टीपुराण ऐकताना तिचा डोळा लागला, पण पंचेचाळीसचं वाक्य आलं आणि जागी झाली. पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, बापासारखाच आहे, आकडा बोलला की बोलला.

गेल्या दोन रविवारी काटा ४६.९ आणि ४६.१ होता. तुझे दीड मिळवून वहीत ४८.४ आणि ४७.६ लिहिले. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली. दीडाचं कारण सांगितलं, तुमचा भाऊ यातलाच आहे ना, मग ठीक, म्हणाल्या. दर आठवड्याला थोडं उतरतं आहे, पण वेग कमी झाला, आणखी महिनाभर पाहू. म्हणजे तुझ्या दीड किलोने इस्पितळ तूर्त टळलं. आई खूश आहे. तिला त्या जिन्यांची धास्ती.

तिला आता नवीन उद्योग लागला आहे. माझ्याकडून जाड दोरा मागून घेतला आणि बाबांच्या जुन्या लोकरी जाकिटाला आतून खिसे शिवते आहे. कशाला, तर हात गारठतात, आत घालून बसायला बरं. हात घालायचे तर खिसे बाहेरून नकोत का, असं मी विचारलं. तर म्हणाली, तुला शिवण कधीपासून कळायला लागलं? दुपारी मागच्या कामाच्या खोलीत जाते आणि बाबांची पितळी वजनं पुसत बसते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. बसू दे, म्हटलं, तेवढीच तिला त्यांची सोबत.

ताई

---

३ डिसेंबर

ताईस,

घाईत लिहितो. काटा शेगडीजवळ नेऊ नकोस. एक बाजू तापली आणि एक गार राहिली की चार पाय चार तऱ्हेचं सांगतात, ते नुसत्या थंडीपेक्षा वाईट. आहे तिथेच राहू दे.

इथे काल गंमत झाली. आमच्यातला एक जण, आम्ही त्याला टोपीवाला म्हणतो कारण तो कपाटासमोरही कानटोपी काढत नाही, त्याच्या हातच्या एका सेन्सरचे आकडे काही केल्या जुळेनात. त्याने चूक शोधायची सोडून दुरुस्तीचा आकडा वाढवत नेला, आणि शेवटी सगळं छान जुळलं. साहेब म्हणाले, तू सेन्सर दुरुस्त केलास की स्वतःची समजूत काढलीस? आम्ही दिवसभर त्याला त्यावरून पिडलं.

जाकीट घालू दे तिला. वजन करतानाही काढायला लावू नकोस, सर्दी होईल. दर वेळी तेच कपडे असले म्हणजे झालं.

धाकटा

---

२२ डिसेंबर

धाकट्यास,

काढायला लावणार कुठून? जाकिटाला हात लावू देत नाही. रविवारी सकाळी स्वतःच ते घालून, वर शाल घेऊन, भिंतीला धरत धरत काट्यापाशी येऊन उभी राहते. लष्करात भरती व्हायला आल्यासारखी. मी आकडा वाचायच्या आधी स्वतः वाकून बघते.

तीन रविवारचे काट्यावरचे आकडे: ४५.९, ४५.७, ४५.८. वहीत यात तुझे दीड मिळवून लिहिले. थांबलं म्हणायचं का हे?

मला तसं म्हणवत नाही. जेवायला बसते, ताटाशी चाळा करते आणि माझं लक्ष नसलं की ताट झाकून ठेवते. अंगठी दोऱ्याने गुंडाळली आहे, तरी फिरते. न्हाणीघराचं दार आतून लावून घेते, पूर्वी असं कधी करत नव्हती. पण आकडा आहे तिथेच आहे. तू सांग.

ताई

---

२९ डिसेंबर

ताईस,

तीन आठवडे आकडा एका जागी आहे, याहून चांगली खूण नाही. काटा बिघडला असता तर भरकटला असता. आईच उतरत असती तर आकडा उतरला असता. दोन्ही होत नाही, याचा अर्थ दोन्ही ठीक आहेत. म्हातारपणी अंगठी सैल होते, त्याचा वजनाशी संबंध असतोच असं नाही.

दीड किलो मिळवत राहा. डॉक्टरीणबाईंना वही दाखवत राहा.

आईला सांग, मार्चअखेर कायम झालो की एप्रिलमध्ये पंधरा दिवस येतो.

धाकटा

---

१६ जानेवारी

धाकट्या,

हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही.

मंगळवारी ती न्हाणीघरात घसरली. कडी नीट लागली नव्हती, म्हणून मला आत जाता आलं. लागलं नाही फारसं. मी तिला उचललं, आणि काय सांगू, एका हाताने उचलली गेली. दुसऱ्या हाताने मी बादली बाजूला केली.

तू शाळेत होतास तेव्हा मी बाबांच्या हाताखाली काम करत होते. मोठे काटे तपासायचे तर पोतीच्या पोती चढवायला आणि उतरवायला मीच असे. बाबा काट्यावर आकडा बघायच्या आधी मला विचारायचे, किती भरेल? मी सांगायचे, आणि अर्ध्या किलोपलीकडे कधी चुकले नाही. माझ्या हातांना कळतं. जी मी मंगळवारी उचलली ती पंचेचाळीस नव्हती. वहीतल्या सत्तेचाळीसच्या तर जवळपासही नव्हती.

आणि परवाच्या रविवारी काट्यावर ती ४५.६ भरली.

तुझं थंडीचं गणित मला कळत नाही. थंडीत काटा कमी सांगतो म्हणालास. मग तो जास्त का सांगतो आहे? माझ्या हातांनाही थंडी बाधते का? खरं काय ते लिही. फुशारकी नको, धीर नको.

ताई

---

२१ जानेवारी

ताई,

फुशारकी नाही, धीरही नाही.

दीड किलो हा आकडा चुकीचा आहे. आपल्या खोलीतल्या थंडीने तसला काटा पन्नास किलोमागे दीडशे ग्रॅम कमी दाखवेल, फार तर दोनशे. दीडशे ग्रॅम, दीड किलो नव्हे. नोव्हेंबरात तुला लिहिताना माझं दशांश चिन्ह एक घर सरकलं. ती घाईतली चूक होती, शपथेवर सांगतो.

पण २९ डिसेंबरचं पत्र लिहायला बसलो तेव्हा मी तो कागद पुन्हा काढला होता आणि चूक मला दिसली होती. दिसली, आणि मी लिहिलं की दीड किलो मिळवत राहा. चूक कबूल केली असती तर वहीतला प्रत्येक आकडा उतरला असता, तुम्हाला तिला इस्पितळात न्यावं लागलं असतं आणि मला यावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं की आकडा स्थिर आहे ना, मग दीडशे काय आणि दीड काय. टोपीवाल्याला मी हसलो होतो.

काटा जास्त का दाखवतो, हे मात्र मला खरंच कळत नाही. थंडीने असं होत नाही. म्हणून तो काटा बाजूला ठेव. मागच्या खोलीत छताच्या हुकाला बाबांचा मोठा तराजू अजून टांगलेला असेल. त्यात पट्टी नाही, तार नाही. एका पारड्यात आई आणि दुसऱ्यात वजनं. खोली गार असो की गरम, दोन्ही बाजूंना सारखीच, त्यामुळे त्याला फरक पडत नाही. तिला फळीवर बसव, दोऱ्या नीट बघून घे. जे भरेल ते वहीत लिही, काहीही न मिळवता, आणि वही त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे ने.

धाकटा

---

२६ जानेवारी

धाकट्या,

तराजू काढला. दोऱ्या बदलल्या, फळी पुसली. लोखंडी वजनं भिंतीशी होती, वीस, दहा, पाच. वरच्या बारीक मापासाठी पितळी वजनांची पेटी उघडली. आत मखमलीत चार खळगे रिकामे. दोन किलोची दोन्ही, किलोचं एक आणि अर्ध्या किलोचं.

मी तिला हाक मारली. ती दारात उभी राहिली, जाकीट घालून. रविवार होता ना, वजनासाठी तयार होऊन आली होती. माझ्या पुढ्यात उघडी पेटी पाहिली आणि शाल बाजूला केली. चार खिसे, चार वजनं. नोव्हेंबरअखेर एक घातलं, मग जसजशी उतरत गेली तसतशी भर टाकत गेली. शेवटी साडेपाच किलो. बाबांच्या बायकोला बेरीज कुणी शिकवावी?

मी ओरडले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, “पंचेचाळीसच्या खाली गेलं असतं तर तो काम सोडून आला असता. मार्चपर्यंत तर काढायचं होतं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि तो आला असता म्हणजे मी खरंच आजारी आहे असं ठरलं असतं.”

तिला फळीवर बसवलं. लहान मूल झोपाळ्यावर बसावं तशी दोऱ्या धरून बसली. काटा मध्यावर आला तेव्हा दुसऱ्या पारड्यात चाळीस किलोही नव्हते. ३९.८.

वहीत मी ३९.८ लिहिलं. त्याच्या वरच्या ओळीत माझ्याच अक्षरात ४७.१ आहे. डॉक्टरीणबाई दोन्ही ओळींकडे पाहत राहिल्या. उद्या इस्पितळात नेतो आहोत.

तुझ्या पत्रावर मला बरंच काही बोलायचं होतं. आता बोलत नाही. तू दीड मिळवलेस, तिने साडेपाच, आणि मी रोज तिला डोळ्यांनी पाहत असूनही वहीवर विश्वास ठेवला. तिघांनी मिळून एक माणूस नाहीसं केलं.

पितळी वजनं परत पेटीत ठेवली. अर्ध्या किलोचं मात्र तिने हातातून सोडलं नाही. राहू दे, म्हणाली, पांघरुणात धरलं की गरम होतं.

ये. गणित घेऊन येऊ नकोस.

ताई

---

२ मार्च

धाकट्यास,

तू पोचल्याचं पत्र मिळालं. घर फार मोठं झालं आहे. पुढच्या खोलीत आता शेगडी पेटवत नाही, माझ्यापुरतं स्वयंपाकघर पुरतं.

तू होतास ते अठरा दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. तुला वाटलं असेल राग आहे. राग होता, पण सगळा तुझ्यावर नव्हता. इस्पितळात तू डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून विचारलंस की डिसेंबरात आणलं असतं तर काय झालं असतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी दाराआड होते, ऐकलं. पुन्हा कुणाला विचारू नकोस. मीही विचारणार नाही. त्या उत्तरात दोघांनाही राहावं लागणार आहे, तेव्हा उगीच जागा अडवू नये.

एक काम आहे. काल मागची खोली आवरली. पितळी पेटी पूर्ण भरावी म्हणून ते अर्ध्या किलोचं वजन शोधलं. अंथरूण झटकलं, पांघरुणं उलटीपालटी केली, पलंगाखाली पाहिलं. कुठेच नाही. शेवटच्या दिवसांत ते तिच्या हातात नव्हतं, एवढं मला आठवतं. जाण्याच्या तीन-चार दिवस आधी ती सारखं म्हणत होती की धाकटा वाळला आहे, इतका कसा वाळला. मी म्हटलं, आई, तो पहिल्यापासून तसाच आहे. मग म्हणाली, मला थंडी वाजते, त्याचा कोट पायांवर घाल. घातला. दुपारभर कोट तिच्याजवळ होता. मला वाटलं, ऊब हवी असेल.

आठवतं का तुला काही? नसेल तर राहू दे. एक खळगा रिकामा राहिला तरी पेटी बंद होते.

कायम होण्याचं काय झालं?

ताई

---

८ मार्च

ताईस नमस्कार,

कायम होण्याचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात झाली आहे. साहेबांनी काढून टाकलं नाही, एवढंच. ते चालेल.

तुझं पत्र कामावर मिळालं. वाचलं, उठलो आणि खुंटीवरचा कोट काढला. परतीच्या सगळ्या प्रवासात तो मला जड लागत होता. वाटलं, दमलो आहे. इथे आल्यावरही रोज अंगावर चढवत होतो. आतल्या खिशाच्या खाली, अस्तरात, टाके घातलेले सापडले. जाड दोरा, वाकडेतिकडे टाके, दोन तर एकावर एक. तिला तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता. कुणाकडून ओवून घेतला कोण जाणे. तुझ्याकडून घेतला असेल तर तुला आठवेल.

टाके उसवताना टोपीवाला शेजारी होता. त्याने कात्री दिली.

वजन मी वीस अंशांच्या खोलीत ठेवलं. चोवीस तास मुरू दिलं. मला घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यांत बारीक काट्यावर ठेवलं. बाबांच्या हातांनी, मग पुसून पुसून तिच्या हातांनी थोडं झिजलं आहे. ४९८.६ ग्रॅम भरलं.

आमच्या नोंदीत आकड्यापुढे एक रकाना असतो, दुरुस्ती किती लावली ते लिहायचा. मी तिथे शून्य लिहिलं आणि सही केली.

वजन परत पाठवत नाही. खळगा रिकामाच राहू दे. पेटी बंद होते म्हणालीस ना.

तू रविवारी त्या तराजूवर बस. दुसऱ्या पारड्यात वजनं चढवायला शेजारच्या कुणाला तरी बोलाव. जे भरेल ते मला लिहून पाठव. मीही पाठवीन.

तुझा धाकटा